पोटाला झाकण नसते

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, धुलाई विभागाच्या बरोबर वर, एक लांबट खोली आहे. त्या खोलीत मोठमोठे सर्जन येऊन वाटाणे उचलतात. ऐकणाऱ्याला हे खरे वाटत नाही, परंतु ते अक्षरशः खरे आहे. एका वाटीतला सुका वाटाणा लांब चिमट्याने उचलायचा आणि दुसऱ्या वाटीत ठेवायचा, असे वीस वाटाणे. ज्यांनी आयुष्यभर माणसांची पोटे उघडली आणि शिवली, त्यांच्या कपाळावर या वीस वाटाण्यांपायी घाम फुटतो.

या खोलीची व्यवस्था जिच्याकडे आहे, तिला तोंडावर सिस्टर आणि पाठीमागे पेटीबाई म्हणतात. हे नाव तिला ठाऊक आहे आणि त्याबद्दल तिची तक्रार नाही. तक्रारीसाठी तिच्याकडे इतर विषय पुष्कळ आहेत.

पेटीबाईने एकतीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. उभे राहून राहून गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा तिला या खोलीत बसवण्यात आले. तेव्हापासून ती दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांकडून सराव करून घेते. ज्यांना या शस्त्रक्रियेची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. यात पोट उघडत नाहीत. तीन-चार लहान भोके पाडतात. एका भोकातून कॅमेरा आत जातो, इतरांतून लांब, बारीक हत्यारे जातात. आत काय चालले आहे ते समोरच्या पडद्यावर पाहायचे असते. हत्यार भोकात टेकलेले असल्यामुळे सगळे उलटे होते. हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते. हात खाली दाबला की टोक वर उठते. त्यामुळे शहाणा हातसुद्धा पहिल्या दिवशी अडाणी होतो. हा अडाणीपणा रोग्याच्या पोटात न होता एखाद्या निर्जीव वस्तूत व्हावा, यासाठी पेटी असते. पेटीला झाकण, झाकणाला रबरी भोके, आत कोणी धरायला नसेल तर कडीला अडकवता येणारा कॅमेरा आणि वर पडदा.

खोलीचे दोन नियम होते आणि दोन्ही पेटीबाईनेच घातले होते. पहिला नियम असा की, येणाऱ्याने प्रथम दुसऱ्यासाठी कॅमेरा धरायचा. तीन पूर्ण सराव होईपर्यंत पडद्यावरचे चित्र कलंडू द्यायचे नाही, मगच चिमट्याला हात लावायचा. दुसरा नियम असा की, खोलीत कोणाचे काय चुकले ते खोलीबाहेर बोलायचे नाही. हा दुसरा नियम नसता, तर एकही मोठा डॉक्टर तिसऱ्या मजल्याची पायरी चढला नसता.

मोठे सर आले तेव्हा पेटीबाईने आयुष्यात प्रथमच स्वतःचा पहिला नियम मोडला.

मोठे सर हे त्या रुग्णालयातील सर्वात नावाजलेले सर्जन. पेटीबाईने अठरा वर्षे त्यांच्या हातात हत्यारे दिली होती. त्यांनी हात पुढे करावा आणि न मागता योग्य ते हत्यार तळव्यावर पडावे, अशी दोघांची सवय होती. पोट उघडल्यावर त्यांचे हात असे चालत की, पाहणाऱ्याने श्वास घ्यायला विसरावे. परंतु आता रुग्णालयाने आदेश काढला होता की, ज्याच्या प्रशिक्षण कार्डावर पेटीबाईच्या तीन सह्या नाहीत, त्याने दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये. एक सही कॅमेऱ्याची, एक वाटाण्यांची आणि एक पेटीत टाक्याची गाठ मारण्याची.

"कॅमेरा वगैरे राहू दे," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "तो इंटर्न धरतात."

"नियम आहे, सर."

"सिस्टर, तुम्ही मला नियम सांगणार?"

ते हसून म्हणाले होते. त्या हसण्याने अठरा वर्षांची सवय जागी झाली आणि पेटीबाईने चिमटा त्यांच्या तळव्यावर ठेवला. कार्डावरचा कॅमेऱ्याचा रकाना कोरा राहिला. नंतर बघू, असे ती स्वतःशी म्हणाली. पुढे तीन आठवडे ती या वाक्याबद्दल स्वतःला बोल लावत राहिली.

कारण सरांनी तिच्या नाकी नऊ आणले. ते पडद्याकडे पाहतच नसत. मान खाली घालून ते स्वतःच्या हातांकडे पाहत.

"सर, वर बघा."

"बघतोय."

"तुम्ही मनगटाकडे बघताय. वाटाणा मनगटात नाही."

"माझ्या हातांना तीस वर्षांचा अनुभव आहे, सिस्टर."

"हातांना आहे. डोळ्यांना नाही."

शेजारच्या पेटीवर सराव करणारी धाकटी डॉक्टर यावर खोकली. ती सरांचीच विद्यार्थिनी होती. तिचा आवाज इतका बारीक होता की, तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीने चार महिने निमूटपणे इतरांचा कॅमेरा धरला होता, तिच्या तिन्ही सह्या कधीच झाल्या होत्या आणि वरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिने तीसेक पित्ताशये दुर्बिणीने काढलीही होती. तरीही ती रोज येऊन गाठी मारत असे. पेटीबाईला तिचा राग कधीच आला नाही. तिच्या सबंध दिवसात राग न येण्याचा तेवढाच अर्धा तास असे.

सरांनी पहिल्या आठवड्यात बावीस वाटाणे जमिनीवर पाडले. पेटीच्या आत पाडायचे वाटाणे जमिनीवर कसे पडतात, हे पेटीबाईला कळेना. गुडघे धरून ते वेचताना तिने हात टेकले. "मला शिकवायला येत नाही की यांना शिकायचं नाही, एकदा देवाने खाली येऊन सांगावं," असे ती वाटाण्यांना उद्देशून म्हणाली.

घरी दुसरा ताप होता.

तिच्या नवऱ्याला पित्ताचे खडे झाले होते. तो छापखान्यात यंत्र चालवून निवृत्त झालेला, हट्टी आणि टापटिपीचा माणूस. पोटात कळ आली की तो भिंतीला पाठ लावून उभा राही आणि कोणी विचारले तर घड्याळ बघतोय म्हणून सांगे. शेवटी तो एकटाच रुग्णालयात गेला, रांगेत बसला, तपासून आला आणि मग जेवताना सहज बोलावे तसे म्हणाला,

"गुरुवारी ऑपरेशन आहे. मोठे सर करणार. दुर्बिणीने."

पेटीबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

"अहो, तुम्ही त्यांना सांगितलंत, मी तुमची कोण ते?"

"बायकोच्या ओळखीने पोट कापून घेऊ? रांगेत बसलो. सगळे बसतात तसा."

"आणि दुर्बिणीने करू, असं सरच म्हणाले?"

"तेच म्हणाले. गुरुवारपर्यंत सगळी तयारी होतेय म्हणाले. शेजारचा दोन दिवसांत घरी आला ना? मग मीही येणार."

"मोठ्या सरांना पोट उघडू दे ना. त्यांच्यासारखं ते काम कोणी करत नाही."

"एवढी मोठी चीर? कशाला? तूच नाही का त्या दुर्बिणीच्या खोलीत काम करतेस?"

"मग दुर्बिणीने दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

"का? मोठ्या सरांत काय वाईट आहे?"

येथे तिचे तोंड बंद झाले. दुसरा नियम तिनेच घातला होता. खोलीत सरांनी किती वाटाणे सांडले, हे ती नवऱ्याला सांगू शकत नव्हती. आज नवऱ्याला सांगितले तर उद्या धुलाई विभागाला कळेल आणि परवा त्या खोलीत कोणी चुकायला येणार नाही. जे पेटीत चुकणार नाहीत, ते पोटात चुकतील. हे सगळे तिला पाठ होते, आणि म्हणूनच ती अधिक चिडली.

"काही वाईट नाही," ती म्हणाली. "जेवा."

"तू मला सांगतेस, तोंड वाकडं करून सांगतेस, पण कारण सांगत नाहीस. एकतीस वर्षं थिएटरमध्ये राहून तुला त्या माणसाच्या हातांची किंमत कळली नाही. मी त्याचे हात एकदाच बघितले. असे हात छापखान्यात असते ना, तर एक कागद वाया गेला नसता."

पेटीबाईने उठून स्वतःचे ताट घासायला घेतले. ताट फार वेळ घासले गेले.

एका गोष्टीचा तिला आधार होता. कार्डावर सह्या नसतील तर सरांना दुर्बीण हाती घेता येणार नव्हती, आणि सह्या तिच्या होत्या. सोमवारपर्यंत सरांची गाठ ठरवून दिलेल्या दोन मिनिटांच्या आसपासही नव्हती. गुरुवारची यादी आपोआप बदलेल, असा तिचा हिशेब होता.

सोमवारी दुपारी मात्र सरांनी तिला बोलावले. पडद्याच्या कोपऱ्यात सरावाची वेळ दिसत होती. एक मिनिट पन्नास सेकंद. गाठ घट्ट होती, दोन्ही टोके सारखी होती.

"जेवणाच्या सुट्टीत सराव केला," सर म्हणाले. "गाठ जमली म्हणजे सगळं जमलं. करा तिन्ही सह्या."

पेटीबाईला आनंद व्हायला हवा होता. तीन आठवडे ज्यासाठी घसा कोरडा केला, ते घडले होते. परंतु अठरा वर्षे ज्याचे हात पाहिले, त्याचे हात एका जेवणाच्या सुट्टीत बदलतात यावर तिचा विश्वास बसेना. प्रत्येक सराव पेटीच्या कॅमेऱ्यातून आपोआप साठवला जात असे.

"उद्या करते, सर. आधी चित्रण बघते."

"माझं चित्रण?"

"सगळ्यांचं बघते."

सर गेल्यावर तिने चित्रण लावले. गाठ खरोखर सुंदर होती. हत्यारे कोठेही चाचपडत नव्हती. तिने ते तीनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा तिचे लक्ष गाठीवरून सरून कडेला गेले. पेटीच्या आत दिव्याचा पिवळसर उजेड असतो. या चित्रणात डाव्या कडेला एक पांढरा पट्टा होता, आणि तो मधूनमधून जाड-बारीक होत होता. पेटीच्या डावीकडे खिडकी आहे. बंद पेटीत खिडकीचा उजेड शिरत नाही.

पेटीबाईने कपाळाला हात लावला. सरांनी झाकण चार बोटे उचलून, खाली रबराचा ठोकळा ठेवून, फटीतून थेट आत पाहिले होते. ठोकळा खिडकीच्या कट्ट्यावर तसाच पडला होता. लपवण्याचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले तेव्हा खोलीत दोघेच होते. पेटीबाईने तो ठोकळा त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय?" सर म्हणाले.

"तुम्हीच सांगा."

सरांनी ठोकळ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा पडला नाही, उलट ते वैतागले. "हो, उचललं झाकण. त्यात काय झालं? आत एकदा नीट दिसलं की हात आपोआप चालतात, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. गाठ मीच मारली ना? की झाकणाने मारली?"

त्यांना आपण लबाडी केली असे वाटतच नव्हते, हे पेटीबाईच्या ध्यानात आले आणि तिचा संताप आणखी वाढला. लबाड माणसाला निदान लाज वाटते.

"सर, पोटाला झाकण नसतं."

"असतं," सर म्हणाले. "तीस वर्षं मी तेच उघडतोय."

या उत्तराला खोट काढता येत नव्हती. पेटीबाईचा आवाज तिच्याही नकळत चढला.

"मग तेच उघडा ना! माझ्या नवऱ्याचं तेच उघडा, मी स्वतः पाय धरून उभी राहीन. वीतभर चीर द्या, महिनाभर अंथरुणात ठेवा, एका शब्दाने बोलणार नाही. पण चार भोकं पाडून, आत गेल्यावर झाकण शोधू नका. तिथे हा ठोकळा ठेवायला जागा नाही, सर!"

खाली धुलाईची यंत्रे फिरत होती. जमीन बारीक थरथरत होती.

"तुमचा नवरा?" सर म्हणाले. "कोणता?"

"मला एकच आहे. गुरुवारच्या यादीत दुसरा. छापखान्यातला."

"तो पाठ भिंतीला लावून उभा राहतो तो?"

"तोच."

सर स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. ती सवय काही जात नव्हती.

"त्याने सांगितलं का नाही?"

"त्याला ओळख लावायची नव्हती. आणि मी त्याला काही सांगितलं नाही, कारण या खोलीतलं बाहेर जात नाही. तुम्ही दोघे मिळून मला वेड लावणार आहात."

"त्याला चीर चालेल?"

"त्याला तुम्हीही हवे आहात आणि दुर्बीणही. मी सांगून थकले."

सरांनी ठोकळा उचलला, बोटांत फिरवला आणि खिशात टाकला. "दुर्बिणीने गुरुवारी कोण करू शकतं? खरं सांगा. सही-बिही सोडा."

"चिमणी."

"ती?" सरांच्या भुवया वर गेल्या. "तिचा आवाज थिएटरमध्ये पलीकडे ऐकू जात नाही."

"हत्यारं आवाजावर चालत नाहीत."

"आणि मी काय करू? बाहेर बसू? तो माझ्या भरवशावर येतोय."

पेटीबाईने पेटीचे झाकण लावले, चारही खिट्या बसवल्या आणि कॅमेऱ्याचा दांडा सरांच्या पुढे धरला. तळव्यावर ठेवला नाही. त्यांनी हात पुढे करून घ्यावा म्हणून धरून ठेवला.

"पहिल्या दिवशी जे करायला हवं होतं ते करा," ती म्हणाली. "चूक माझीही आहे. मीच सोडलं तुम्हाला."

ते दोन दिवस पेटीबाई कधी विसरणार नाही. सर कॅमेरा धरू लागले आणि चिमणी काम करू लागली. पहिल्या तासात चित्र अकरा वेळा कलंडले.

"सर, घर कलंडलं. लोकं पडतायत आतली."

"सरळ तर आहे."

"तुमची मान वाकडी आहे, म्हणून तुम्हाला सरळ दिसतंय."

कलंडणे थांबले, तेव्हा दुसरा दोष निघाला. चिमणी एका ठिकाणी टाका घालत असे आणि सर कॅमेरा घेऊन भलतीकडेच जात असत, कारण त्यांना पुढच्या कामाची घाई होती.

"सर, मी इकडे आहे," चिमणी म्हणे.

"काय?"

"इकडे!" चिमणी प्रथमच ओरडली आणि स्वतःच दचकली.

"तिचं काम बघा," पेटीबाई म्हणाली. "तुम्ही तुमचं काम बघताय. तुमचं काम इथे नाहीच आहे. ती बघेल तिथे तुम्ही बघायचं, बस, एवढंच. तीन तास तेच सांगतेय मी. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने कॅमेरा धरला असता."

बुधवारी दुपारपर्यंत तीन सराव झाले आणि चित्र पाण्यासारखे सपाट राहिले. पेटीबाईने तरीही सही केली नाही. गुरुवारनंतर करीन, म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी सर वॉर्डात गेले. नवरा उशी पाठीशी घेऊन बसला होता. पेटीबाई त्याचा टॉवेल दांडीवर टाकत होती. सरांना पाहताच तो ताठ झाला.

"उद्याचं ऑपरेशन डॉक्टर मॅडम करणार आहेत," सर म्हणाले आणि मागे उभ्या चिमणीला त्यांनी पुढे घेतले. "मी कॅमेरा धरणार आहे."

"म्हणजे तुम्हीच करणार."

"नाही. या करणार. मी दाखवणार."

"तेच की. तुम्ही दाखवणार, त्या तुमच्या सांगण्याप्रमाणे करणार."

पेटीबाईने टॉवेल पुन्हा झटकला. त्याची गरज नव्हती.

"मी सांगणार नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, पण शेजारच्या खाटांपर्यंत जाईल इतका होता. "हे काम यांना येतं. मला अजून येत नाही. मी शिकतोय. तुम्हाला हे पटत नसेल, तर मी पोट उघडून करेन, ते मला उत्तम येतं. चीर मोठी असेल. निवड तुमची."

वॉर्डात कोणीतरी खोकायचे थांबले. पेटीबाई दांडीकडे तोंड करून उभी राहिली. जे तिला सांगण्याची मुभा नव्हती, ते ज्याचे होते त्यानेच सांगितले होते.

नवऱ्याने चिमणीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "हात बघू," तो म्हणाला.

चिमणीने दोन्ही हात पुढे केले. त्याने ते उलटसुलट पाहिले, जसा तो एके काळी नव्या कामगाराचे हात पाहत असे.

"लहान आहेत," तो म्हणाला. "पण थरथरत नाहीत. ठीक आहे. भोकंच पाडा."

गुरुवारी पेटीबाईला थिएटरमध्ये प्रवेश नव्हता. नातेवाइकांच्या बाकावर बसणे तिला जमले नाही. ती तिसऱ्या मजल्यावर गेली आणि सगळ्या पेट्या पुसू लागली. एक पेटी तिने चार वेळा पुसली. वाटाणे मोजले, ते एकोणीस निघाले. विसाव्यासाठी ती जमिनीवर शोधत राहिली आणि गुडघे दुखू लागल्यावर तेथेच बसून राहिली.

दोन तासांनी चिमणी वर आली. तिच्या कपाळावर टोपीचा वळ होता.

"झालं," ती म्हणाली. "छान आहेत. शुद्धीवर आले. घड्याळ मागत होते."

मग तिने चित्रण पेटीबाईच्या हातात दिले. शिकणाऱ्यांसाठी प्रत्येक शस्त्रक्रियेचे चित्रण या खोलीत ठेवण्याची पद्धत होती. पेटीबाईने दार लावून ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. स्वतःच्या नवऱ्याचे पोट आतून पाहणे सोपे नव्हते, म्हणून तिने फक्त चित्राच्या कडा पाहिल्या. कडा सरळ होत्या. चिमणीची हत्यारे जेथे जात, तेथे चित्र आधीच जाऊन थांबलेले असे. एकदाच, पित्ताशय सुटण्याच्या क्षणी, चित्र किंचित कलंडले, आणि कोणी काही म्हणण्यापूर्वी आपले आपण सरळ झाले.

पेटीबाईने सरांचे कार्ड काढले. कॅमेऱ्याच्या रकान्यात सावकाश, पूर्ण अक्षरांत सही केली. वाटाण्यांचा आणि गाठीचा रकाना कोराच ठेवला. शुक्रवारी सर आले, कार्ड पाहिले, खिशातून रबराचा ठोकळा काढून तिच्या टेबलावर ठेवला आणि वाटाण्यांच्या पेटीपुढे जाऊन बसले. पाच मिनिटांत त्यांनी तीन सांडले.

"वर बघा, सर."

"बघतोय!"

शनिवारी नवरा घरी आला. संध्याकाळी शेजारी भेटायला आले. तो खुर्चीत ताठ बसला होता आणि सदरा वर करून चार लहान पट्ट्या दाखवत होता.

"मोठ्या सरांनी केलं," तो सांगत होता. "ती एक लहान डॉक्टर होती हाताशी. पण मुख्य सगळं त्यांचंच. हात बघितलेत त्यांचे?"

"अहो," पेटीबाई म्हणाली.

"काय?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. चित्रण सरकन तिच्या डोळ्यांपुढून गेले. मग तिने चहाचा कप त्याच्या हातात दिला, जरा जोरातच, इतक्या की चहा बशीत सांडला.

"काही नाही," ती म्हणाली. "प्या."